ब्रॉयलर जगवायची, तर हात आखडता घ्या

आमच्या आंगणात दोन ब्रॉयलर कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. थोरली धवली येत्या दिवाळीला ३ वर्षांची होईल. पाव्हणा आला की हटकून विचारतो, "काकू, हे कापत काहून नाही?" ब्रॉयलर म्हणजे ४० दिवस, दोन-सव्वादोन किलो, आणि मग सुरी, एवढंच सगळ्यांना ठाऊक. कुणी हौसेनं ठेवलीच, तर दोन-तीन महिन्यांत धपकन मरते. मग म्हणतात, ही जातच जगत नाही.

माझ्या पहिल्या दोन तशाच गेल्या. भाच्याच्या गावाजवळच्या एका शेडमधून लंगडी म्हणून बाजूला काढलेली पिल्लं. मी मायेनं पोटभर चारलं. एकीचं पोट पाण्यानं फुगलं, तुरा जांभळा पडला. दुसरी सकाळी दाण्यावर धावली आणि तिथंच उलटी पडली, हृदय थांबून. तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, या पिल्लायचे मायबाप तर कंपनीवाले वर्षभराच्या वर जगवतात. मोजून खाऊ घालतात, म्हणून जगतात."

सगळी मेख इथंच आहे. ही कोंबडी पोट भरलं तरी थांबत नाही; पिढ्यानपिढ्या खादाड तेवढीच निवडून वाढवलेली जात ही. मांस भराभर चढतं, पण पाय, काळीज आणि फुप्फुसं त्या वेगानं वाढत नाहीत. म्हणून तिची हाक ऐकून दाणे टाकले, की तुम्ही तिला मारताय.

पिल्लू घ्यायचं तर २-३ आठवड्यांचं घ्या. दुकानातली तयार कोंबडी आणून जगवणं फार कठीण, कारण वजन आधीच चढलेलं असतं. जमिनीवर सोडून बघा. चार पावलं टाकून लगेच बसत असेल तर घेऊ नका. लासोटा (मानमोडी, म्हणजे राणीखेत रोगाची लस) आणि गंबोरो या पिल्लांच्या रोगाची लस झाली का तेही विचारा. मानमोडीची पुढची लस दोन महिन्यांच्या सुमारास तालुक्याच्या पशुदवाखान्यातून करून घ्या. शेजारी गावरान कोंबड्या असतील तर आळस नको.

शेडमधलं खाद्य घरी आणू नका. ते भराभर वाढवायला असतं, प्रथिनं १९ ते २२ टक्के. मी अंड्याच्या कोंबड्यांच्या तलंगांचं (अजून अंडी सुरू न झालेल्यांचं) वाढीचं खाद्य, म्हणजे ग्रोअर आणते, साधारण १६ टक्क्यांचं. ३ आठवड्यांच्या पिल्लाला दिवसाला ५० ग्रॅम, मग दर आठवड्याला ४-५ ग्रॅम वाढवत न्यायचं. मोठीला १०० ते १२५ ग्रॅम, दोन वेळात विभागून. त्यातच थोड्या ज्वारीच्या कण्या. वरून पालक, मेथीचे देठ, कोबीचा पाला हवा तेवढा. त्यानं पोट भरल्यासारखं वाटतं आणि चरबी चढत नाही. दर रविवारी टोपल्यात बसवून काट्यावर ठेवते. वाढत्या वयात आठवड्याला १०० ग्रॅमच्या वर वाढ दिसली, की दाणे कमी. धवली सहा महिन्यांची असताना पावणेतीन किलो भरली होती.

एक आपल्याकडची गोष्ट. सरकीची ढेप गोठ्यात असतेच, ती कोंबड्यांच्या वाटेला जाऊ देऊ नका. सरकीतलं गॉसिपॉल त्यांना विष, अंड्याचा बलकही त्यानं बिघडतो. पेरणीचं औषध लावून रंगवलेलं बियाणं आणि फवारलेलं वावर यापासूनही लांब. २०१७ मध्ये फवारणीत माणसं दगावली ती आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात, कोंबडीची काय कथा.

दाण्याचं भांडं आंगणाच्या एका टोकाला आणि पाण्याचं दुसऱ्या टोकाला ठेवा, म्हणजे दिवसभर चालणं होतं. बसायची दांडी विटेच्या उंचीवर. भारी कोंबडी वरून उडी मारते आणि तळव्याला गाठ धरते; खाली अंथरलेलं सोयाबीनचं कुटार (भुसा) ओलं, कडक झालं तरी तेच. कुटार रोज हलवायचं, बुरशीचा वास आला की फेकायचं. रात्री खुराड्यात अंधार हवा. शेडमध्ये बल्ब ठेवतात तो खात राहावी म्हणून. कधी पाठीवर पडली तर तिला स्वतःला उलटता येत नाही, गुदमरते. म्हणून संध्याकाळी एक फेरी मारायचीच.

आता उन्हाळा. यात माझं सगळ्यात जास्त लक्ष असतं. कोंबडीला घाम येत नाही, मुख्यतः चोच उघडून धापा टाकून ती अंग थंड करते. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश सहज होतं आणि नवतप्यात (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) तर विचारू नका. पहाटे ५ ला दाणे, नंतर भांडं उचलून ठेवायचं, मग थेट दिवस कलल्यावर. भर उन्हात पचन चाललं की अंगात आणखी गर्मी. निंबाखाली ओलं गोणपाट बांधते, जुना कूलर बाहेर वळवते, माठातलं पाणी दर दोन तासांनी बदलते, दुपारी इलेक्ट्रोलाइटची पुडी टाकून. पंख अंगापासून दूर धरून मान लांबवली, की उशीर करू नका. पाय आणि पोट साध्या पाण्यात बुडवा. बर्फाचं पाणी अंगावर ओतायचं नाही.

अंडी सहाव्या महिन्याच्या आसपास सुरू होतात. तोवर लेयरचं (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं) खाद्य नको, त्यातल्या चुन्यानं मूत्रपिंडं बिघडतात. सुरू झाली की वेगळ्या वाटीत शिंपल्यांचा भुगा ठेवा, लागेल तेवढा ती घेते. दोन बलकांची अंडी वारंवार येऊ लागली तर खूश होऊ नका, खाणं जास्त होतंय.

आमच्या सासूबाई मात्र अजून पदराआडून भाकरीचा तुकडा टाकतात. "बिचारी उपाशी दिसते माय." गेल्या पंधरवड्यात धवलीचं वजन दीडशे ग्रॅमनं वाढलं तेव्हा कळलं. आता सासूबाईंच्या हातात मेथीची जुडी दिली आहे, धवली दारात आली की त्यांनी तीच टाकायची.