ड्युटीचे नव्हे, झोपेचे तास मोजा

ट्रान्सपोर्टमध्ये सेफ्टीचं काम नव्याने हाती घेतलं की आधी ड्रायव्हरच्या ड्युटीचे तास लिहिलेलं लॉगबुक समोर येतं. १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्यापासून चालत आलेलं गणित (दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती) त्यात बहुतेकदा जुळवलेलं असतं. पण गाडी खाली व्हायची वाट बघत गोदामाच्या फाटकावर काढलेले सहा तासही त्यात ‘विश्रांती’ म्हणून पडतात. रांग दर थोड्या वेळाने पुढे सरकते, गाडी पुढे घ्यावी लागते, झोप कुठली लागणार?

म्हणून निघण्याआधी तीनच गोष्टी विचारा: गेल्या २४ तासांत किती झोपलात, त्याआधीच्या २४ तासांत किती, आणि उठलात कधी. निकष असा: २४ तासांत किमान ५, ४८ तासांत किमान १२ तास झोप, आणि उठल्यापासून ड्युटी संपेपर्यंतचे तास त्या ४८ तासांतल्या झोपेपेक्षा जास्त नकोत. समजा, भिवंडीहून रात्री १० वाजता नागपूरची गाडी सुटायची आहे. ड्रायव्हर काल ४ तास झोपला, परवा ७, आणि पहाटे ५ला उठलाय. ४ आणि ११, दोन्ही आकडे कमी. वाटेत सकाळचे ८ वाजेपर्यंतच तो २७ तास जागा असेल. त्याला गाडी देऊ नका, मग लॉगबुक काहीही म्हणो. चालत्या गाडीच्या केबिनमधली झोप तुटक असते, तिचे पूर्ण तास धरू नका.

वाटेत कॅरोलिन्स्का मापन वापरा, म्हणजे किती पेंग येतेय ते ड्रायव्हरनेच १ ते ९ मध्ये सांगायचं: १ म्हणजे एकदम तरतरीत, ९ म्हणजे डोळे उघडे ठेवणं मुश्किल. गेल्या पाच मिनिटांबद्दल विचारायचं, तेही स्टिअरिंगवरून उतरण्याआधी. उतरून तोंड धुऊन चहा घेतल्यावर विचारलंत, तर ७चा ४ होतो.

प्रतिक्रियेची चाचणी मोबाइलवर घेता येते. २ ते १० सेकंदांच्या अनियमित अंतराने खूण दिसते, दिसताच बोट टेकवायचं. मूळ चाचणी १० मिनिटांची; अर्ध्या सेकंदाहून उशीर म्हणजे एक चूक. मोबाइलचा पडदा स्वतःच थोडा उशीर लावतो, त्यामुळे एका ड्रायव्हरची तुलना दुसऱ्याशी नको. झोप पुरी झालेल्या दिवसांचे त्याचेच आकडे, त्याच मोबाइलवरचे, पाया म्हणून ठेवा. झोपेतून उठल्या उठल्या चाचणी घेऊ नका.

केबिनमधला कॅमेरा पापण्या मोजतो: डोळा ८० टक्के किंवा जास्त झाकलेला असण्याचं मिनिटभरातलं प्रमाण. नवखे लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथेच. गाडी पूर्वेला चाललेली, सूर्य समोरून वर येतोय, ड्रायव्हर डोळे बारीक करतो आणि अलार्म वाजत राहतो. गॉगल लावला तर काही कॅमेऱ्यांना डोळाच दिसत नाही. दोनचार खोटे अलार्म झाले की भिंगावर चिकटपट्टी येते. त्यामुळे अलार्मची संख्या बघण्याआधी वेळ आणि दिशा बघा, मग क्लिप. पहाटे २ ते ५ मधला एकच अलार्म सकाळी ७च्या दहांपेक्षा गंभीर असू शकतो. ताशी ८० किलोमीटरला चार सेकंदांच्या डुलकीत गाडी सुमारे ९० मीटर आंधळी जाते.

काच खाली करणं, गाणी लावणं, तंबाखू मळणं यांनी थोडा वेळ भागल्यासारखं वाटतं, झोप काही भरून निघत नाही. पेंग आली तर सुरक्षित जागी गाडी लावून कॉफी किंवा चहा प्यायचा आणि लगेच २० मिनिटं झोपायचं, कारण कॅफिन चढायला साधारण अर्धा तास लागतो. उठल्यावर १०-१५ मिनिटं थांबूनच गाडी काढायची. भरपूर झोपूनही दिवसा पेंगणारा, मोठ्याने घोरणारा आणि झोपेत श्वास अडकणारा ड्रायव्हर दिसला तर वेळापत्रक बदलत बसू नका, झोपेच्या तपासणीला पाठवा.

लांबच्या मार्गावर छत्रपती संभाजीनगरसारख्या मधल्या ठिकाणी ड्रायव्हर बदलता आला तर उत्तम. दोघंही आपापल्या बाजूला परततात. आणि एक गोष्ट मालकाकडून आधीच लेखी घ्या: कॅरोलिन्स्का मापनावर ८ सांगणाऱ्याचा भत्ता कापायचा नाही. एकदा कापलात की पुढच्या फेरीपासून सगळी फ्लीट ३ सांगायला लागते.