पिवळ्या भिंतींनी डोळे दिपवले, मग काय केलं

शेड कार्डावर तो पिवळा कोवळ्या उन्हासारखा वाटला होता. चारही भिंतींना लागला आणि खोलीत बसवेना. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग फेकतात, त्यामुळे कार्डावरचा सौम्य पिवळा खोलीत कितीतरी भडक होतो. पांढरं छतसुद्धा पिवळट दिसायला लागलं.

त्यात दोन हात मारूनही खालचा जुना निळा डोकावत होता, तिथे हिरवट डाग. रंगाला नावं ठेवत बसलो, पण चूक माझीच होती. झगझगीत पिवळ्याची झाकण्याची ताकद मुळात कमी. गडद भिंतीवर तो थेट मारायचाच नसतो.

तीन भिंती प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, मारून मोतिया पांढऱ्या केल्या. बसल्यावर पाठीमागे येते ती एकच पिवळी ठेवली. तिला 180 नंबरचा पॉलिश पेपर घासला, धूळ ओल्या फडक्याने पुसली, पांढऱ्या प्रायमरमध्ये थोडा पिवळा स्टेनर, म्हणजे रंगात मिसळायचा दाट रंगद्रव, मिसळून एक हात दिला आणि वाळल्यावर मॅट फिनिशचे दोन हात. मॅटच, कारण चकाकीत भिंतीचा प्रत्येक उंचवटा दिसतो.

तरी रात्री रंग आजारीच वाटे. दोष दिव्याचा निघाला. 6500 केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप) निळसर बल्ब काढून 3000 चा पिवळसर लावला, हिरवट झाक गेली.

आता स्वयंपाकघराची पाळी. या वेळी आधी मोठ्या पुठ्ठ्यावर रंग लावून तो दोन दिवस भिंतीभिंतीला टेकवून बघतोय. घरचे हसतात, हसू देत.