ध्रुवीय किनाऱ्याचा अभ्यास: पूर्वतयारी गोव्यात

आर्क्टिकमधील किनारी सागरी परिसंस्था अभ्यासू इच्छिणाऱ्या गोव्यातील विद्यार्थ्याने आधी एक पावसाळा मांडवीकाठी घालवावा, असे माझे ठाम मत आहे. वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचे 'हिमाद्री' हे स्थानक 2008 पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड या द्वीपसमूहात, सुमारे 79 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्याच्यासमोरचा कोंग्सफ्योर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली, साधारण 20 किलोमीटर लांबीची खाडी. मांडवीत पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर पसरते, तर तिथे उन्हाळ्यात वितळलेल्या बर्फाचे. दोन्हीकडे त्याबरोबर तांबूस गाळ येतो आणि उजेड अडतो.

म्हणून पणजीच्या फेरीधक्क्यावरून, होडीत न बसता, भरतीला आणि ओहोटीला पृष्ठभागाचे व तळाजवळचे पाणी घेऊन तापमान, क्षारता आणि गढूळपणा मोजावा. पावसाळा सरल्यावर हणजुणेच्या खडकांवर ओहोटीच्या वेळी 50 सेंटिमीटरची चौकट ठेवून, भरतीरेषेपासून पाण्यापर्यंत ठरावीक अंतराने बार्नाकल (खडकाला चिकटून राहणारे छोटे कवचधारी जीव), कालवे आणि शेवाळ यांची नोंद करावी.

हीच चौकट कोंग्सफ्योर्डच्या काठावर ठेवली की बरेचदा ती जवळजवळ रिकामी दिसेल. त्यामुळे निराश होऊ नये, कारण हिवाळ्यात किनाऱ्याचा बर्फ खडक खरवडून काढतो. रिकामी चौकटही शून्य लिहून नोंदवावी. केल्प या मोठ्या सागरी शेवाळाची दाट वाढ पाण्याखाली, बर्फाचा घासा कमी पोहोचतो तिथे सुरू होते. म्हणून दोरीने सोडलेला कॅमेरा किंवा प्रशिक्षित पाणबुडे यांच्या साहाय्याने खोलीनुसार नोंदी घ्याव्यात. हिमनदीच्या तोंडापासून दूर जाताना गाळ कमी होतो आणि केल्प अधिक खोलवर वाढू शकते, त्यामुळे मोजणीची ठिकाणे फ्योर्डच्या लांबीने आखावीत.

ऋतूंचा हिशेब मात्र गोव्याच्या सवयीने करू नये. तिथे एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळत नाही आणि ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उगवत नाही. वसंतात वनस्पतिप्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचा बहर येतो, त्यावर कॅलानस हे इवले कवचधारी जीव चरबी साठवतात, आणि मासे व पक्षी त्यांच्यावर जगतात. जुलैतल्या एका फेरीवरून वर्षाचे निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. भारताने 2014 मध्ये याच फ्योर्डमध्ये 192 मीटर खोलीवर 'इंडआर्क' ही वर्षभर नोंदी घेणारी वेधशाळा नांगरली, ती याच गरजेपोटी.

वस्तीबाहेर ध्रुवीय अस्वलांचा धोका असल्याने शस्त्रासह प्रशिक्षित सोबत्याशिवाय जाऊ नये. थंडीत बॅटऱ्या लवकर उतरतात, त्यामुळे जादा बॅटऱ्या अंगालगतच्या खिशात ठेवाव्यात आणि नमुन्यांच्या चिठ्ठ्या जलरोधक कागदावर पेन्सिलीनेच लिहून बाटलीच्या आत टाकाव्यात.