डोरीच्या आतलं फिटिंग करताना या चुका टाळा

डोरी म्हणजे आपली दोरी नव्हे, सपाट बुडाची लाकडी होडी, न्यू इंग्लंड ते न्यूफाउंडलंड या पट्ट्यात कॉड मासे पकडायला वापरायचे ती. मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो, गॅरेजमध्ये एक बांधली. बाहेरून छान झाली, आत मात्र घोळ घातला.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बसायच्या फळ्या ग्लू आणि स्क्रू मारून कायमच्या बसवल्या. मला वाटलं पक्कं ते चांगलं. पण जुन्या डोऱ्यांत या फळ्या मुद्दाम सुट्ट्या असायच्या, कारण स्कूनरच्या, म्हणजे मासेमारीच्या मोठ्या शिडाच्या जहाजाच्या, डेकवर डोऱ्या वाट्यांसारख्या एकात एक रचून ठेवायच्या, फळ्या काढल्याशिवाय ते जमणारच नाही. आता आपल्याला कुठे रचायच्यात, असं म्हणाल, तर मीही तेच म्हणालो होतो, आणि दुसऱ्या वर्षी फळीच्या टोकाखाली चाकू टोचून बघितला तर उकडलेल्या बटाट्यात जावा तसा आत गेला, कारण तिथे ओल साचत होती आणि ना पुसता येत होतं ना रंगवता. दोन्ही बाजूंना आतून एक लांब पट्टी ठोका, त्यावर फळी नुसती टेकवा आणि पुढेमागे सरकू नये म्हणून खाच ठेवा, बस.

फळीची उंची गॅरेजमध्ये बसून ठरवू नका. मी गुडघ्यांना बरं म्हणून तीन इंच वर घेतली आणि पाण्यात गेल्यावर होडी अशी डुलायला लागली की बायको परत बसलीच नाही. रिकामी डोरी मुळातच डळमळते, मासे भरले की स्थिर होते. आणि भरतानाही मासे मधल्या कप्प्यात, आडव्या फळ्या लावून अडवलेले, नाहीतर सगळा माल एका बाजूला घसरतो.

प्लॅनवर १५ फूट लिहिलं असेल तर बहुतेक ते बुडाचं माप असतं, वरून तीच होडी १८-१९ फूट भरते, तेव्हा कुठून मोजताय ते आधी बघा. वल्ह्याची कडी फळीच्या मागच्या, म्हणजे होडीच्या मागच्या टोकाकडच्या, कडेपासून साधारण १२ इंच मागे घ्या. पाय टेकवायला आडवी पट्टी हवीच, नाहीतर वल्ह्याला जोर लावला की तुम्हीच घसरता.

होडीच्या आतल्या लाकडी बरगड्यांखाली पाणी वाहायला ठेवलेली भोकं माझ्या दुसऱ्या रंगात बुजली, तुम्ही रंगानंतर तार घालून बघा. स्क्रू साधे पितळी नकोत, खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं, माझे गुलाबी पडले आणि पिळताच डोकी तुटली. ब्राँझ घ्या, महाग आहेत, पण घ्या.

बुडातल्या पाणी काढायच्या भोकाच्या बुचाला बाहेरून दोरीचा फास असतो तो अडचण म्हणून कापू नका. होडी उलटली तर धरायला तेवढंच असतं.

आत सुट्टं जे काही राहील ते मात्र बांधलेलं हवं. जानेवारी १८८३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर बंदराचा मच्छीमार हॉवर्ड ब्लॅकबर्न डोरीत असताना वादळात स्कूनरपासून तुटला, पाणी उपसताना त्याचे हातमोजे समुद्रात गेले, मग त्याने बोटं वल्ह्यांभोवती वळवून तशीच गोठू दिली म्हणजे वल्हवता तरी येईल, आणि पुढे ती सगळी बोटं गेली. मी पाणी उपसायला दुधाचा प्लास्टिकचा कॅन अर्धा कापून वापरतो. पहिला वाहून गेला, आता त्याच्या कानाला सुतळी आहे.