गच्चीवर मोजा घरच्या स्पीकरचा आवाज

कोणत्या वारंवारतेला स्पीकर किती आवाज देतो, याच्या खोलीत माइक लावून काढलेल्या आलेखात स्पीकरच्या पेटीबरोबर भिंती, छत आणि फरशीही उतरते. म्हणून मोजणी उघड्यावर करायची. खान्देशात गच्ची किंवा रिकामं खळं सहज सापडतं; वेळ मात्र पहाटेची धरा. दिवसा वारा असतो, शेजारपाजारचे कूलर घरघरत असतात आणि उन्हात पेटीसोबत व्हॉइस कॉइलही (स्पीकरचा पडदा हलवणारं तांब्याच्या तारेचं वेटोळं) तापते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २० अंशांची कॉइल ४५ वर गेली की रोध दहा टक्के जास्त, आणि आवाज जवळपास एक डेसिबल कमी भरतो.

साहित्य: लॅपटॉपवर रूम ईक्यू विझार्ड (आवाज मोजायचं सॉफ्टवेअर, मोफत आहे), कॅलिब्रेशन फाइल (माइकच्या स्वतःच्या चुकांची दुरुस्ती) असलेला यूएसबी माइक, अ‍ॅम्प्लिफायर, मल्टिमीटर, टेप. मोबाइलचा माइक दोन पेट्यांची ढोबळ तुलना करण्यापुरताच.

१. रंगाऱ्याच्या घोडीवर पेटी अशी ठेवा की ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) जमिनीपासून २ मीटरवर येईल. माइक त्याच उंचीवर, १ मीटर समोर. कठडा, पाण्याची टाकी दोन-अडीच मीटर लांब असू द्या. खाली कापसाच्या गाद्या टाकून काम भागेल असं वाटतं, पण १० सेंटिमीटरची गादी २०० हर्ट्झच्या लाटेला जवळजवळ अडवतच नाही.

२. १०० हर्ट्झचा सूर वाजवून स्पीकरच्या टोकांवर २.८३ व्होल्ट एसी लावा. ८ ओहमला हा १ वॅट होतो, ४ ओहमला २. संवेदनशीलतेचे (ठरावीक व्होल्टेजला किती आवाज, याचे) आकडे ताडताना हे विसरलं की ४ ओहमचा स्पीकर उगाच सरस ठरतो. स्वस्त मल्टिमीटर वरच्या वारंवारतेला चुकतो, म्हणून १०० हर्ट्झ.

३. २० ते २०,००० हर्ट्झचा स्वीप (खालून वर चढत जाणारा सूर) द्या. क्रॉसओव्हरशिवाय (खालचे आणि वरचे सूर वेगळे करून वूफर-ट्वीटरला वाटणारं सर्किट) ट्वीटर मोजत असाल तर व्होल्टेज कमी करा आणि स्वीप त्याच्या अनुनादाच्या (ज्या वारंवारतेला तो आपसूक जास्त थरथरतो तिच्या) बराच वरून सुरू करा, नाहीतर ट्वीटर जळेल.

४. आता मुख्य काम. जमिनीवरून येणारा परावर्तित आवाज ३.१२ मीटर जास्त चालतो, म्हणजे सुमारे ९ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. इम्पल्स आलेखावर (आवाज कोणत्या क्षणी किती पोहोचला ते दाखवणारा) खिडकी, म्हणजे हिशोबात धरायचा वेळ, ८.५ मिलिसेकंदांवर कापा. त्यामुळे १२० हर्ट्झच्या खालचा आलेख निरर्थक होतो आणि ४०० पर्यंतचे बारकावेही पुसले जातात. तिथल्या गुळगुळीत रेषेवर भाळू नका.

५. आलेखाचा खालच्या वारंवारतांचा भाग जवळून मोजा. साडेसहा इंची वूफरच्या (खालच्या सुरांचा मोठा स्पीकर) मध्यापासून माइक अर्ध्या सेंटिमीटरवर. हे मोजमाप साधारण ८०० हर्ट्झपर्यंत चालतं. पोर्टच्या (पेटीतली हवा बाहेर सोडणारी नळी) तोंडाशी वेगळं मोजा आणि व्यासाच्या प्रमाणात घटवा: ५ सेंटिमीटरचा पोर्ट, १३ सेंटिमीटरचा वूफरचा पडदा, तर ८.३ डेसिबल वजा. मग वूफर आणि पोर्टच्या मोजमापांची फेजसह (लाटांचे चढउतार किती पुढेमागे आहेत ते धरून) बेरीज करा. जवळच्या मोजणीत पेटीच्या रुंदीचा परिणाम येत नाही. २३ सेंटिमीटर रुंद पेटीत ५०० हर्ट्झच्या आसपासपासून खाली आवाज ६ डेसिबलपर्यंत उतरतो. ही दुरुस्ती करूनच जवळचा आणि १ मीटरवरचा असे दोन्ही आलेख २०० ते ३०० हर्ट्झमध्ये जोडा.

६. पेटी १५, ३० आणि ४५ अंश फिरवून पुन्हा स्वीप घ्या. शेवटी ट्वीटरच्या तारा उलट्या जोडा: आलेखात क्रॉसओव्हरच्या जागी २० डेसिबल किंवा जास्त खोल खड्डा पडला, तर सरळ जोडणीत वूफर आणि ट्वीटर एका लयीत आहेत. खड्डा उथळ किंवा बाजूला सरकलेला दिसला, तर क्रॉसओव्हर पुन्हा पाहावा लागेल.