जुन्या गाडीची बॉडी आतून सडतेय का? या चुका टाळा

"आपल्याकडे कुठं समुद्र आहे? नागपुरात गाडी सडत नाही." जुनी गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला हे हमखास ऐकवलं जातं, आणि पहिली चूक इथेच होते. खारा वारा नाही हे खरं. पण पत्रा गंजायला पाणी आणि हवा पुरते, आणि पाणी अडकून राहायची सोय आपल्याकडे भरपूर आहे. पंचेचाळिशीपार जाणारा उन्हाळा दाराकाचांची रबरं कडक करतो, त्यांना भेगा पडतात. पाऊस लागला की पाणी त्याच भेगांतून आत शिरतं. गाडी कडुलिंबाखाली उभी राहत असेल तर पुढच्या काचेखालच्या जाळीत पाला साचतो, त्याचा काळा चिखल होतो आणि पाणी जायची भोकं बुजतात. मग ते पाणी पायांखालच्या गालिच्यात उतरतं. गालिचा वरून कोरडा लागतो, खालचा फोम मात्र आठवडेच्या आठवडे ओला राहतो.

आणखी दोन गोष्टी खास आपल्याकडच्या. खिडकीतल्या कूलरखाली गाडी लावू नका. कूलरचं पाणी उडत जातं तसे त्यातले क्षार वाढत जातात, आणि तेच थेंब टपावर आणि काचेच्या कडेला पडत राहतात. दुसरं म्हणजे काटोल-कळमेश्वरकडे शेत असलेली मंडळी युरिया-पोटॅशची पोती डिकीतून नेतात. सांडलेलं खत हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पत्रा खाऊ लागतं. पोती न्यावीच लागली तर खाली ताडपत्री अंथरा आणि नंतर डिकी झाडून, पुसून, वाळवून घ्या.

"इंजिन चांगलं आहे ना, बॉडीचं काय!"

बहुतेक छोट्या गाड्यांना वेगळी चेसिस, म्हणजे बॉडीखालचा आधाराचा सांगाडा, नसतेच. पत्र्याचे भाग हजारो ठिकाणी स्पॉट वेल्डिंगने जोडून जो पिंजरा बनतो तीच चेसिस. इंजिन, शॉकअप, सीट, सीटबेल्ट, सगळं त्यालाच बांधलेलं असतं. २०१४ मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांची ताशी ६४ किलोमीटर वेगाने टक्कर चाचणी घेतली. पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्यातल्या दोघींचा सांगाडा टिकला होता, म्हणजे एअरबॅग असत्या तर उपयोग झाला असता. उरलेल्या तिघींचा सांगाडाच इतका कमकुवत निघाला की नुसत्या एअरबॅग बसवून भागणार नाही, असं संस्थेने सांगितलं. त्या गाड्या तर नव्या कोऱ्या होत्या. त्या काळातली गाडी आज खालून सडली असेल आणि ती समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने पळवायची असेल, तर बॉडीकडे दुर्लक्ष करून चालणारच नाही.

चकाकी बघून गाडी घेणं

पुटी आणि रंग यांनी काहीही झाकता येतं. लहान चुंबक मऊ कापडात गुंडाळून दारांच्या खालच्या कडांवरून, चाकांच्या कमानींवरून फिरवा. जिथे तो अचानक सैल पडतो तिथे खाली पुटीचा थर असू शकतो. काही गाड्यांचे फेंडर मुळातच प्लॅस्टिकचे असतात, तेवढं आधी विचारून घ्या.

खरी तपासणी गाडी लिफ्टवर चढवूनच होते. दारांखालची लांब पट्टी, जॅक लावायच्या जागा, मागच्या चाकांच्या वरचा भाग आणि बोनेटखाली शॉकअपचं डोकं जिथे बसतं तो अ‍ॅप्रन, या चार जागा सोडू नका. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो. सडलेला बद्द वाजतो, आणि कोटिंगखालून भगवी भुकटी खाली पडते. जॅक लावल्यावर पत्रा कुरकुरत आत दबला, तर सौदा तिथेच थांबवा. विकणारा लिफ्टवर चढवू देत नसेल तरीही थांबवा.

नागपुरात एक प्रश्न आवर्जून विचारा: ही गाडी सप्टेंबर २०२३ मध्ये कुठे उभी होती? २३ सप्टेंबरच्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत शिरलं आणि दारातल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. पुरातली गाडी बाहेरून धुतली जाते, पण पट्टीच्या आत, पिलरच्या (टप तोलणाऱ्या उभ्या खांबांच्या) पोकळीत गेलेला गाळ तिथेच राहतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, टोकाकडे मळकट रेघ दिसते का. स्टेपनी उचलून खालचा खळगा बघा. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का तेही बघा. विम्याचा क्लेम झाला होता का, याचा कागद मागा.

लक्षण एक, उपाय भलताच

गाडी एका बाजूला ओढते म्हणून पुन्हा पुन्हा व्हील अलाइनमेंट करून घेणारे बरेच भेटतात. टायर बदलतात, हवा तपासतात, आणि महिन्याभरात परत तेच. अलाइनमेंट टिकतच नसेल तर आधी चाकाच्या जोडणीतले बुश (रबरी भाग) आणि बॉल जॉइंट (फिरते सांधे) बघा. ते ठीक निघाले तर अ‍ॅप्रनला किंवा खालच्या क्रॉस मेंबरला (आडव्या पट्टीला) तडा आहे का, चाक सोडून, माती धुऊन बघा. तडा बहुतेकदा वेल्डिंगच्या कडेने जातो आणि मळाखाली सहज लपतो.

दार उचलून लावावं लागत असेल तर बिजागरी झिजलेली असेल. पण बिजागरी घट्ट असूनही दार बसत नसेल, गाडी जॅकवर चढवली की दाराची फट बदलत असेल, तर बॉडी वाकतेय. दगड न लागता काचेला कोपऱ्यातून तडा गेला, स्पीडब्रेकरवर "कट" असा आवाज आला, तर त्याचाही शोध याच दिशेने घ्या. असे दोनतीन प्रकार एकत्र दिसले तर दुरुस्तीपर्यंत ती गाडी महामार्गावर नेऊच नका. गावातसुद्धा मुलांना त्यात बसवू नका.

गंजावरच कोटिंग मारणं

पावसाळ्याआधी अंडरबॉडी कोटिंग करून घेणं चांगलंच. पण ओल्या, गंजलेल्या पत्र्यावर डांबरासारखा थर मारला की ओल आत कोंडते आणि सडणं नजरेआड चालू राहतं. आधी धुऊन पूर्ण वाळवायचं, सैल गंज खरवडायचा, प्राइमर मारायचा, मगच कोटिंग. पाणी जायची भोकं त्यात बुजणार नाहीत हे स्वतः उभं राहून बघा.

सडलेल्या पट्टीवर पत्र्याचा तुकडा ठेवून गॅसने चिकटवून देणारे डेंटर स्वस्त पडतात. गॅसची आच दूरवर पसरते, आजूबाजूचा चांगला पत्रा तापून कमजोर होतो, आणि खालचा सडका भाग तसाच राहतो. सडलेलं कापून काढायला सांगा, नवा भाग सीओटू (कमी आच पसरवणाऱ्या विजेच्या) किंवा स्पॉट वेल्डिंगने बसवायला सांगा आणि पुटी लागण्याआधी फोटो काढा. सीटबेल्टचा बोल्ट जिथे बसतो तिथे नुसतं ठिगळ मुळीच चालवून घेऊ नका.

पुढे लोखंडी बुलबार लावूनही गाडी मजबूत होत नाही. धक्का शोषायला मुद्दाम चुरगळणारा भाग त्याने निकामी होतो आणि टकरीचा जोर थेट सांगाड्यात जातो. केंद्राने २०१७ मध्येच त्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलं आहे.

तोंडी तक्रार

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर "आवाज येतो" सांगितलं की जॉबकार्डवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, तेवढंच लिहिलं जातं आणि पुढे तोच कागद तुमच्या विरुद्ध वापरला जातो. जागा सांगून लिहायला लावा: "डाव्या पुढच्या शॉकअपजवळ अ‍ॅप्रनला तडा, फोटो जोडला आहे, गाडी चालवणं सुरक्षित आहे का ते लेखी कळवावं." तारीख, किलोमीटर आणि सही असलेली प्रत घ्या. तोच मजकूर कंपनीला ईमेल करा.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ११०-अ नुसार धोकादायक दोषासाठी केंद्र सरकार गाड्या परत बोलावायचा आदेश देऊ शकतं. त्यासाठी मालकांच्या तक्रारींची संख्या मोजली जाते. एप्रिल २०२१ पासूनच्या नियमांत ही तरतूद सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी आहे, म्हणून सहाव्या वर्षी दिसलेला तडा आठव्या वर्षावर ढकलू नका. गाडी त्याहून जुनी असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि जिल्हा ग्राहक आयोग हे रस्ते आहेत. आयोगाकडे तक्रार, तिचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. गाडी डीलरकडून घेतली असेल, दोष लपवला असेल, तर हाच मार्ग. ओळखीतल्या माणसाकडून घेतलेल्या गाडीला तो सहसा लागू होत नाही, म्हणून तिथे पैसे द्यायच्या आधीच गाडी लिफ्टवर चढवा.