दोनशे रुपयांचं मीटर आणि फुकटचा सल्ला: या चुका टाळा

माझं पहिलं मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट-करंट मोजायचं यंत्र, पिवळं होतं, पुण्याच्या तापकीर गल्लीतून दोनशेच्या आसपास घेतलेलं. एकदा त्यावर बॅटरीचा करंट मोजला आणि लाल वायर १० अँपिअरच्या होलमध्ये तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी नॉब एसी व्होल्टवर फिरवला आणि प्रोब, म्हणजे वायरींची टोकं, सरळ सॉकेटमध्ये घातले. फाट्कन आवाज, निळा जाळ, एमसीबी (शॉर्ट झाला की आपोआप पडणारा स्विच) खाली. लाल प्रोबच्या टोकाचा वितळून मणी झाला होता.

मीटर उघडलं तेव्हा उलगडा झाला. त्या होलपासून कॉमनच्या, म्हणजे काळ्या वायरच्या, होलपर्यंत आत जाड तारेचा एक तुकडा होता, बस्स. म्हणजे नॉब कुठेही असो, मी फेज आणि न्यूट्रलमध्ये तार टाकली होती. होलशेजारी ‘अनफ्यूज्ड’ असं छापलेलंही होतं, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत.

घेताना डिस्प्ले बघणं

बॅकलाइट, ६००० काउंट (डिस्प्ले आकडे किती बारीक दाखवतो ते), तापमान मोजायची वायर, यावर आपण भाळतो. आपण चुकलो तर मीटर काय करेल, हे दुकानात कुणी विचारत नाही.

उत्तर फ्यूजमध्ये आहे. काचेच्या साध्या फ्यूजची तार मोठ्या शॉर्टमध्ये वितळते खरी, पण आत आर्क, म्हणजे हवेतून वाहणारा विजेचा जाळ, पेटता राहू शकतो आणि काच फुटते. चांगल्या मीटरमध्ये वाळू भरलेला सिरॅमिक फ्यूज असतो. ती वाळू आर्क विझवते. शक्य असेल तर मागचं झाकण उघडून बघा. समोर १००० व्होल्ट आणि आत २५० व्होल्टचा काचेचा फ्यूज असेल, तर समोरच्या छपाईला काही अर्थ नाही. तो सिरॅमिक फ्यूज महाग असतो म्हणून त्याच्या जागी तार गुंडाळणारेही मी पाहिलेत. त्यांना दंडवत.

घरच्या कामाला करंटचं होलच नसलेलं मीटर घेतलं तर उत्तम. एसी करंटसाठी वायरीभोवती चिमट्यासारखं लावायचं क्लॅम्प मीटर आहे.

नुसता व्होल्टचा आकडा वाचणं

होलजवळ ‘कॅट’ आणि पुढे रोमन आकडा असतो, म्हणजे ते मीटर कुठे वापरायचं त्याचा वर्ग. कॅट टू म्हणजे सॉकेटला लावायची उपकरणं, कॅट थ्री म्हणजे डीबी (घरातली एमसीबींची पेटी) आणि भिंतीतलं वायरिंग, कॅट फोर म्हणजे वीज कंपनीच्या मीटरकडची बाजू आणि खांबावरची लाइन. आता गंमत बघा. ‘कॅट टू १००० व्होल्ट’ आणि ‘कॅट थ्री ६०० व्होल्ट’ या दोन्ही मीटरना ६००० व्होल्टचाच क्षणिक झटका सोसावा लागतो. पण चाचणीत पहिल्यामागे १२ ओहमचा रोध असतो आणि दुसऱ्यामागे फक्त २ ओहमचा. म्हणजे दुसऱ्यात करंट सहापट येऊ शकतो. डीबी उघडणार असाल तर ६०० वालंच घ्या. प्रोबवरही कॅट छापलेला असतो. दोन्हींत जो कमी, तो आपला.

‘२३० दाखवतंय, म्हणजे अर्थिंग ओके’

व्हिडिओंमधला हा सगळ्यात लाडका सल्ला. डिजिटल मीटरचा रोध साधारण १० मेगाओहम असतो, म्हणजे ते करंट जवळपास ओढतच नाही, त्यामुळे अर्थिंग जवळपास कुचकामी असलं तरी फेज ते अर्थ २३० च्या आसपास दिसू शकतात. याच कारणाने बंद वायरवरही कधी ६०-९० व्होल्ट भुतासारखे दिसतात. शेजारच्या चालू वायरची ती करामत असते.

मग दुसरा हुशार सांगतो, फेज आणि अर्थमध्ये शंभर वॉटचा बल्ब लावा. अर्थिंग तुटलेलं असेल तर त्या बल्बमधून फेज घरभरच्या अर्थच्या तारेत जातो. तेव्हा कुणी फ्रिजला हात लावला तर? व्हिडिओत ते येत नाही. आणि तिसरा महाभाग: अर्थ नाही ना, सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थला जम्पर मारा, म्हणजे तारेने जोडून टाका! सॉकेटपर्यंत येणारा न्यूट्रल वाटेत कुठे तुटला की गीझरची बॉडी थेट फेजला. अर्थिंग तपासायला वायरमनकडे वेगळं टेस्टर असतं, त्याला बोलवा.

सल्ला देणारा ‘काही होत नाही’ म्हणाला की मी व्हिडिओ बंद करतो. जो आधी मेन बंद करायला लावतो आणि मधलं काही तुटलं तर काय होईल ते सांगतो, त्याचं पुढे ऐकतो. ‘सीई’ या युरोपच्या सुरक्षा-खुणेची अक्षरं जवळजवळ असली की तो चायना एक्स्पोर्टचा शिक्का, ही गोष्टही अशीच फिरते. तसा शिक्काच नाही. बऱ्याचदा सीई ही उत्पादकाची स्वतःचीच घोषणा असते, त्यामुळे नीट छापलेल्या अक्षरांवरही फार विसंबू नका.

बंद आहे का, एकदाच बघणं

आधी चालू सॉकेटवर मीटर तपासा, मग बंद केलेल्या वायरवर, मग पुन्हा चालू सॉकेटवर. मधल्या वेळात प्रोबची वायर आतून तुटली तरी शून्यच दिसतं. आकडे अचानक वाढीव येऊ लागले तर आधी मीटरची ९ व्होल्टची बॅटरी बदला. मायक्रोवेव्हच्या आत मात्र कुठलंच साधं मीटर घालू नका. तिथल्या कपॅसिटरवर २००० व्होल्टच्या वर असतात आणि प्लग काढल्यावरही ते टिकू शकतात.

पिवळं मीटर मी फेकलं नाही. बाकीचं सगळं चालू होतं. त्या १० अँपिअरच्या होलात एम-सील भरलं, आता ते रिमोटचे सेल तपासतं.